शनिवारची लाईट गुरुवारीच गेली

लोकहो, आजच घडलेलं लिहितेय.

माझे सासरे, अण्णा, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. इथे शेवगावात शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद राहणार, असा मेसेज आला होता. म्हणून आज गुरुवारी घरातला ऑक्सिजनचा एकुलता एक सिलेंडर भरायला नगरला पाठवला. शनिवारची तयारी!

सिलेंडरची गाडी वळली न वळली, तोच लाईट गेली. मशीन बंद.

वीज ऑफिसचा फोन कुणी उचलेना. वायरमन म्हणाला, "ताई, आज पन बंद हाय. तुमाला कुनी कळवलं न्हाई व्हय?"

अण्णांचे ओठ निळे पडत होते आणि मी वेड्यासारखी पुठ्ठ्याने वारा घालत होते.

शेवटी गल्लीतल्या मंडपवाल्या भाऊंनी लग्नाला निघालेला टेम्पो थांबवून जनरेटर आमच्या दारात उतरवला. मशीन सुरू झालं. त्यानंतर मोबाईल वाजला: "आज वीजपुरवठा बंद राहील."

शनिवारचं काय, ते अजून कुणी सांगत नाही. अण्णा मात्र धापा टाकत विचारतायत, "सूनबाई, शनिवारी परत जायची का गं?"

सिलेंडर नगरहून कधी परत येईल ते नक्की नाही, आणि शनिवारी भाऊंचा जनरेटर दुसऱ्या गावी लग्नात असणार आहे. सांगा, अण्णांना काय उत्तर देऊ?