फक्त पाऊल

मोटार शिकायला येणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक ब्रेक असे आणि तो ती जरा लवकरच दाबायची. क्लच आणि ब्रेक एकदमच दाबणाऱ्या धांदरट माणसांचे पायसुद्धा तिने वळणावर आणले होते. "पाय शिकतो. आधी जमेल तसं करा, चुका मग काढू," असं ती सगळ्यांना सांगायची.

तिची मुलगी सात वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झालेली. पाय ताठ, टाचा अधांतरी, भिंत धरून चालायची. ऑपरेशन करून पोटऱ्या सैल करायचं ठरत होतं. पण पुढे ती आधाराशिवाय चालेल का, हे सांगण्याआधी दवाखान्यात पायांवरचा ताबा तपासायचा होता. गुडघा सरळ ठेवून फक्त पाऊल वर ओढायचं, एवढंच.

आईने रोज संध्याकाळी तिला पलंगाच्या कडेला बसवून सराव सुरू केला. गुडघ्याचं नंतर बघू, आधी पाऊल उचलू दे, असा तिचा हिशेब.

"अगं, पोरीला जेवू तरी दे," सासूबाई म्हणाल्या. "तिला काय लायसन काढायचंय?"

"उचललं, बघा तरी!"

पाऊल खरंच वर येत होतं.

तपासणीच्या खोलीतही मुलीने ते ऐटीत उचललं.

"छान," फिजिओथेरपिस्ट मॅडम म्हणाल्या. "आता मी गुडघा सरळ धरते हं. पुन्हा कर."

मुलीने ओठ चावला. मांडी थरथरली, मुठी वळल्या. पाऊल होतं तिथेच राहिलं.

"घरी येतं हो तिला," आई म्हणाली.

"घरी गुडघा वाकवून सगळा पाय एकदम उचलते ती. सुटं पाऊल हलत नाही."

"सवय मोडते मी. मोठमोठ्यांच्या मोडल्यात."

"ही सवय नाही, ताई. एकेका सांध्याला वेगळा निरोप जातच नाही तिच्या मेंदूकडून. ऑपरेशनने टाचा टेकतील, पण हा ताबा त्याने येत नाही. वॉकर घेऊन शाळेत आपली आपण फिरेल. आधाराशिवाय चालेल, असं मी म्हणणार नाही."

"आई, मी चुकले?" मुलीने विचारलं.

"नाही गं."

थोड्या वेळाने मॅडमनी टेप काढली. "वॉकरचं माप घेऊ?"

आईने मुलीला काखेत धरून उभं केलं.

"घ्या," ती म्हणाली. "जरा वाढत्या अंगाचं घ्या."

"नको. आजच्याच उंचीचं लागतं."