पाऊल गार लागलं तेव्हा

“पाय वाचवायचा असेल तर लगेच ऑपरेशन करावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नवऱ्याचा गुडघा निखळला म्हणून राजारामपुरीतल्या दवाखान्यात आलो होतो. पाय जाईल हे कुणाच्या डोक्यात होतं!

सीटी अँजिओग्राफी केली होती, म्हणजे औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढलेला फोटो. गुडघ्यामागची पॉप्लिटियल आर्टरी, पायाला रक्त नेणारी मोठी वाहिनी, फाटली होती. खाली रक्तच जात नव्हतं.

चूक आमचीच. आमचे मालक शिवाजी पेठेतले, वय पंचेचाळीस, पण रविवारी सकाळी पोरांच्या बरोबरीनं फुटबॉल खेळायची हौस. पडले. तालमीतल्या वस्तादांनी गुडघा बसवला, लेप लावून करकचून बांधला, वर बर्फ. आमच्याकडं हाड सरकलं की आधी वस्तादच. मी म्हटलं, पाऊल गार लागतंय. “बर्फ हाय की वर, गार न्हाय तर काय तापंल?” वस्ताद म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. बर्फ काढून तास झाला तरी अंगठा गारच, तेव्हा मी रिक्षा बोलावली. तोवर तीन तास गेले होते.

सहीचा कागद पुढं आला. “एवढीशी गोल नळी शिवणार कशी हो?” मी विचारलं. मी ब्लाउज शिवते, मला तेच सुचलं.

बाईंनी कागदावर गोल काढला. दुसऱ्या पायातल्या शिरेचा तुकडा मधे जोडायचा, त्याला ग्राफ्ट म्हणतात. कडेला तीन ठिकाणी टाके घालून ताणलं की गोलाचा त्रिकोण होतो, मग सरळ कड शिवायची. “शंभरेक वर्षांपूर्वी एका फ्रेंच सर्जननं ही पद्धत काढली. बारीक टाका घालायला तो भरतकाम करणाऱ्या बाईकडून शिकला म्हणतात. आज किडनी बसवतात तीही याच विद्येवर.”

“बाहीसारखंच की!” मी म्हणाले. बाही लावताना मीही आधी तीन जागी टाचून घेते, नाहीतर चुण्या पडतात.

“व्हय, अगदी तसंच,” त्या हसल्या. मी सही केली.

बाहेर बाकावर चार तास. वस्ताद येऊन शेजारी बसले, मान खाली. तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या.

“माझं चुकलं, पोरी.”

“हसलो सगळेच की, वस्ताद.”

मग आत बोलावलं. अंगठ्याला हात लावला. ऊन होता! काय सांगू, तिथंच हुंदके देऊन रडले.

गुडघा निखळला तर बांधत बसू नका, दवाखाना गाठा. दोन्ही पावलांना हात लावून बघा. एक जरी गार लागलं तर क्षणभरही थांबू नका. तालमीत आता वस्तादच हे पोरांना दरडावून सांगतात.

मालक काठी टेकत चालतात. रोज सकाळी मी त्यांच्या पावलाला हात लावते.

“पाया पडाय लागलीस व्हय?” ते चिडवतात.

“गप बसा,” म्हणते, आणि हात तसाच ठेवते जरा वेळ.