अंतराळयानातलं टेबल

एका परदेशी सिनेमात अंतराळयानातले दोघं जण गोल टेबलावर बसून राक्षसांच्या आकाराच्या सोंगट्यांनी बुद्धिबळासारखा खेळ खेळतात. मी हुबेहूब तसंच टेबल आमच्या गडचांदूरच्या घरात करायला घेतलं, आणि तेव्हापासून माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ माझ्याशी धड बोलेनात. "बाईमाणसाले हे धंदे काऊन पाह्यजे?" ते मला ऐकू जाईल असं सासूबाईंना म्हणत.

सिनेमा थांबवून, नटाच्या हाताच्या अंदाजानं मी मापं काढली. प्लायवूड गोल कापलं, वर काळ्या-पांढऱ्या ॲक्रिलिकची घरं बसवली आणि खालून दिव्यांची पट्टी फिरवली. राक्षस मातीचे केले. गावातल्या सिमेंट कारखान्याच्या धुळीपायी रंग दोनदा खरवडावा लागला.

दिवे लागले त्या संध्याकाळी भाऊजी जेवणावरून उठले. गॅसवरचं वरणाचं उकळतं पातेलं फडक्यात धरून त्यांनी आणलं आणि सरळ टेबलावर ठेवलं.

"टेबलच हाये ना? मंग ठेवलं तं काय झालं?"

ॲक्रिलिक जळल्याचा वास सुटला. मी त्याच फडक्यानं पातेलं उचललं, दारात गेले आणि सगळं वरण अंगणात ओतलं.

"जेवा आता, भाऊजी."

जेवणावर बसलेला नवरा तेव्हा बोलला. "वरण काऊन फेकलं तू?" त्यानं मलाच विचारलं, भावाला नाही.

वाकलेली घरं मी काढून नवी बसवली. माझ्यासमोर खेळायला घरातलं कोणी बसत नाही. मी दोन्ही बाजूंनी एकटीच खेळते, आणि भाऊजी घरात असले की मुद्दाम दिवे लावते.