सातव्या बांधीवरची धावपट्टी

साताऱ्याहून गोंदियाला निघाले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "तिकडं आहे काय बघायला?" मी म्हटलं, "भाची आहे." सायली, माझ्या धाकट्या बहिणीची लेक, बिरसीला विमान चालवायला शिकते. बहिणीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही, म्हणून पोरगी कशी राहते ते बघून यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काम तरी काय असतं म्हणा!

महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागले. नागपूर मागे पडलं तशी जमीन सपाट होत गेली. डिसेंबर असल्यामुळे धान कापून झालं होतं आणि शेतांत नुसते पिवळे खुंट उरले होते. गोंदियाच्या स्टेशनबाहेर मी चहावाल्याला अस्सल मराठीत रस्ता विचारला. तो हिंदीत उत्तरला. रिक्षावालाही म्हणाला, "बिरसी ना? बैठो मॅडम." मी हट्टानं मराठीच बोलत राहिले, तो आनंदानं हिंदीच बोलत राहिला, आणि बारा-तेरा किलोमीटरमध्ये आमचं काहीही अडलं नाही.

माझी उतरायची सोय सायलीनं वच्छलाबाईंकडे केली होती. प्रशिक्षणाला आलेल्या चार मुलींचे जेवणाचे डबे त्या करतात. घरात त्या, त्यांचे यजमान मनोहर आणि ऐंशीच्या घरातले सासरे उरकुडाबाबा. घर बौद्ध; ओट्यावरून आत पाय ठेवला की समोर बुद्धाची मूर्ती. जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वांग्याचा झणझणीत रस्सा. भाकरीवर वाढलेलं माझं पोट सारखं कशाची तरी वाट बघत होतं. वच्छलाबाई तिसऱ्यांदा भात वाढायला आल्या तेव्हा मी हात आडवा धरला, तर म्हणाल्या, "लाजून कायले राहिल्या जी? खा ना." खाल्ला! आणि खरं सांगते, तसल्या वासाचा भात मी जन्मात खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरकुडाबाबा काठी टेकत विमानतळाच्या कुंपणाकडे निघाले. हातात नव्या धानाच्या लोंब्यांची जुडी होती. मीही सोबत गेले. वाटेत धुऱ्यावरून (बांधावरून) माझा पाय घसरला आणि एक चप्पल चिखलात रुतली. बाबा वळून म्हणाले, "पाय पाहून टाक, मास्तरीणबाई. हे तुह्या साताऱ्याची सडक नोहे." चप्पल त्यांनीच काठीनं उपसून दिली.

कुंपणाशी त्यांनी एका खांबाला जुडी बांधली. आत लांबच लांब धावपट्टी दिसत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्या पट्टीखाली यांच्या घरच्या बांध्या (धानाची बांधबंदिस्त शेतं) गेल्या, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"माही बहीण हाये तिथं," बाबा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ते जन्मायच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगी झाली होती. नाव ठेवायच्या आतच गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, म्हणून वडिलांनी तिला शेतातल्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. वर्ष सरायच्या आत साहेबलोक आले, खुंट्या ठोकल्या, मोह तोडला, सगळं सपाट केलं. पुढे बाबा जन्मले तेव्हा हेही जाऊ नये म्हणून आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव ठेवलं उरकुडा, म्हणजे उकिरडाच. टाकलेल्या पोराला कोणी नेत नाही, अशी इकडची समजूत. आई ते लहान असतानाच वारली. वडील दरवर्षी नवं धान आलं की एकटेच जाऊन पहिली जुडी कुंपणाला बांधून येत. मरताना त्यांनी एवढंच सांगितलं, "बोडीपासून सातवी बांधी." बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं. तेव्हापासून बाबा कुंपणाबाहेरच्या बोडीपासून सात बांध्या मोजून, त्या रेषेवरच्या खांबाला जुडी बांधतात.

मग एकदम मला विचारलं, "तू इतिहासाची मास्तरीण. सांग, काऊन झालतं ते युद्ध?"

माझी तर जीभ सुटलीच. पहिल्या युद्धानंतरचा अपमानास्पद तह, मंदी, हुकूमशहांची हाव, राष्ट्रसंघाचा दुबळेपणा. परीक्षेला येणारी सगळी कारणं मी तिथं उभ्या उभ्या म्हणून दाखवली. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् त्याच्यात आमची बांधी कुठं आली?"

आपल्या भागाला त्या युद्धाची प्रत्यक्ष झळ बसली नाही, असं मी तीस वर्षं मुलांना वहीत लिहून देत आले होते. त्या खांबापाशी मला माझीच भयंकर लाज वाटली.

दुपारी सायली डबा घ्यायला आली ती माझ्यासोबतच जेवायला बसली. जेवताना मी तिला ही हकिकत सांगितली. तिचा घास हातातच राहिला.

"मावशी, पण बोडी तर आत आहे."

"आत कुठं?"

"कुंपणाच्या आत. गवत वाळलं की वरून गोल डाग दिसतो. त्याच्यापासून बांधांच्या रेघासुद्धा दिसतात, चौकोन चौकोन. मला वाटायचं, गवतच तसं उगवलंय."

बुजवलेल्या जमिनीवर गवत वेगळं वाढतं आणि वरून जुन्या खुणा दिसतात, हे मी वाचलं होतं. डोळ्यांसमोर कधी आलं नव्हतं. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आपली बोडी मंग?"

मनोहरभाऊ सावकाश बोलले, "आपली बोडी आज्यानं मागून खोदली असल. जुनी आत गेली, तवा." मग त्यांना राहवलं नाही. "बाबा, सोडा ना हे आता. आपण छप्पन साली असलं सारं सोडलं. कायले दरसाल जाता?"

"देव नाही तो, मनोहर," बाबा ताडकन म्हणाले. "बहीण हाये माही."

बाबांनी जन्मल्यापासून एकच बोडी पाहिली होती, म्हणून तिच्यापासून मोजलं. त्यात त्यांचं काय चुकलं? पण पन्नासहून अधिक वर्षं ते भलत्याच रेषेवर उभे राहत होते, आणि ते कळल्यावर त्यांचा चेहरा मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी सायली उड्डाण आटोपून आली ती वही घेऊनच. वरून फोटो काढायची परवानगी नाही, म्हणून तिनं आठवणीनं चित्र काढलं होतं. गोल म्हणजे जुनी बोडी, आणि तिथून निघालेल्या रेघा. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून तिनं त्यांचं बोट धरलं आणि कागदावरून एकेक बांधी मोजत नेलं. सहावीनंतर बोट काळ्या पट्ट्यावर आलं.

"सातवी इथे, बाबा. धावपट्टीच्या या टोकाला."

"विमान टेकते तिथं?"

"हो," सायली म्हणाली. "मी रोज तिथेच उतरते."

मला वाटलं, आता म्हातारा कोसळणार. त्यांनी कागदावरचं बोट काढलं नाही.

"जुडी तिथं नेता येते का पोरी?"

"नाही बाबा. पट्टीवर काडीसुद्धा टाकायची नाही."

"मंग नोको टाकू." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हळू उतरत जाय. तान्ही हाये ते."

सायली माझ्या कुशीत शिरून ढसाढसा रडली. मीही काही कोरडी राहिले नाही.

निघायच्या सकाळी बाबा आणि मनोहरभाऊ दोघे मिळून कुंपणापाशी गेले आणि जुडी सोडून पार टोकाच्या खांबाला बांधून आले. मनोहरभाऊंच्या पायांना चिखल लागला होता. वच्छलाबाईंनी माझ्या पिशवीत नवा तांदूळ कोंबला आणि "पुढल्या साली या जी" म्हणून दटावलं.

घरी आल्यावर मी जुनी टाचणवही काढली. 'परिणाम' या शीर्षकाखाली सात मुद्दे होते. आठवा लिहायला पेन उघडलं. पण उरकुडाबाबा एका ओळीत बसेनात. शेवटी झळ बसली नाही असं म्हणणारी ओळ तेवढी खोडली आणि वही मिटली.

सायलीचा रोज संध्याकाळी फोन येतो. पूर्वी मी पहिल्यांदा विचारायचे, जेवलीस का. आता ते नंतर विचारते.

"कशी उतरलीस?"

"हळू, मावशी. अगदी हळू."