राजांच्या समोरची भिंत

कुणी फार गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. स्वभावच संशयी. त्यात सगळी नोकरी नेरच्या शाळेत पोरांच्या सबबी ऐकण्यात गेली, त्यामुळे तो आणखी पक्का झाला.

म्हणून मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, त्याच्या आईले भेटाले यवतमाळले जाऊ," तेव्हा साडी नेसता नेसताच मी शंका काढायला लागले. मुलगा मारेगावकडचा, शेतीवाडीवाल्या घरचा, आमच्या समाजाबाहेरचा. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात जुन्या जातीचं नाव कुणी तोंडावर आणलेलं नाही. बाहेरचे मात्र ते विसरत नाहीत, हा माझा अनुभव. मग या बाईंनी लग्नाला एवढ्या झटकन हो कसं म्हटलं? आणि भेट घरी न ठेवता हॉटेलात का? घरची ताटं-वाट्या आमच्यापासून वाचवायच्या होत्या की काय?

हॉटेल लोहाऱ्याच्या रस्त्यावर नवीनच झालेलं. आत इंग्रजांच्या काळातल्या चित्रांच्या मोठमोठ्या फ्रेमा लावलेल्या. एका भिंतीवर राजे, नवाब आणि त्यांचे दिवाण. समोरच्या भिंतीवर साधी माणसं. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? पण मला पोरांच्या वह्या वाचायची सवय, म्हणून मी आधी चित्रांखालची अक्षरं वाचली. राजांच्या खाली त्यांची नावं, पदव्यांसकट. साध्या माणसांना नाव नाही. खाली नुसती जात आणि काम: धोबी, कपडे धुताना. पिंजारी, कापूस पिंजताना.

आमच्या टेबलावरच्या चित्रात नेमका आमचा माणूस होता. उघडा, अनवाणी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. राजाच्या गळ्यातले मोती चित्रकारानं जितके निगुतीनं काढले, तितक्याच निगुतीनं या माणसाच्या बरगड्या काढल्या होत्या. एवढा वेळ उभं केलं त्याला, तर नाव विचारायला काय झालं होतं? खाली मोठ्या अक्षरांत तो शब्द होता. माझ्या आजोबांनी जो उंबऱ्याबाहेर टाकला, तोच. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मुलगी सरळ जाऊन त्या चित्राखालीच बसली, मी तिच्या शेजारी. मुलगा आणि त्याची आई समोर, भिंतीकडे तोंड करून. मी त्या बाईंवरची नजर हलवली नाही. त्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "ताई, एसीचा वारा लागून राह्यला तुमाले. इकडं बसा न जी, मी तिकडं येतो."

एसीचा वारा! म्हटलं, आता आम्हाला समोर बसवून ते चित्र नीट दाखवायचंय वाटतं. मी म्हणाले, "राहू द्या, सवय आहे." त्यानंतर त्या खाली मान घालून जेवल्या. मुलगा मात्र खुशीत होता. माझ्या ताटात पोळी वाढत होता, मुलीला हसवत होता. पोरगा मला आवडत होता, आणि तेच मला खपत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बसल्याबरोबर मी तोंड सोडलं. "मुद्दाम बसवलं त्या बाईनं आपल्याले तिथं!"

"त्यायनं नाही, आई," मुलगी म्हणाली. "टेबल म्या सांगतलं होतं."

"तू? कायले?"

"मागं आमी दोघंच आलतो, तवाही तिथंच बसलो. तो समोर, मी त्या चित्राखाली. त्याले काहीच दिसलं नाही. म्हटलं, आज मोठी माणसं आहेत, आज तरी दिसन. त्याच्या आईनं वाचलं. म्हणून तर तुले उठवून राह्यली होती."

"अन् तो?"

"आजही नाही."

"मंग चांगलंच आहे न," मी म्हणाले. कधी नव्हे ते मी कुणाची तरी बाजू घेत होते. "त्याच्या मनात नाही, म्हणून दिसलं नाही."

"मले तर पयल्या दिवशी दारातूनच दिसलं," ती म्हणाली.

माझ्या संशयाला मी आजवर सावधपणा म्हणत आले. तो तिच्यात इतका खोल उतरलाय हे पाहून मला भीती वाटली, आणि तिचं चुकतंय असंही म्हणवेना.

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. लग्नाच्या तारखेचंच विचारतील म्हणून मी स्पीकर लावून फोन मुलीपुढे धरला.

"काकू, तारखेचं मंग पाहू," ती म्हणाली. "आधी त्याले एक गोष्ट इचारा. माह्या डोक्यावर भिंतीवर कोणतं चित्र होतं?"

मी मनात म्हटलं, आता चिडतील, फोन ठेवतील, सुटलो.

"गाडीत बसल्याबरोबर म्या तेच इचारलं, बाई," त्या म्हणाल्या. "तो म्हणते, तिथं चित्र होतं काय?"