पिवळा फ्रॉक आणि डावा भांग

आमच्या चार वर्षांच्या ईशाननं चुलत बहिणीचा लहान झालेला पिवळा फ्रॉक अंगात चढवला, तो काढायलाच तयार होईना. सासरे, म्हणजे आबा, पुण्याहून महिनाभर इंग्लंडला आमच्याकडे आलेले. "फ्रॉकातल्या नातवाला घेऊन मी फिरायला जायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. ईशान रोज बूट घालून दाराशी बसायचा आणि आबा एकटेच निघून जायचे. रविवारी त्यांचं विमान. माझा जीव तुटत होता, आणि दोघांचा रागही येत होता.

शेवटी मीच शक्कल लढवली. कॉट्सवोल्ड्समधल्या एका जुन्या बंगल्यात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मुलग्यांच्या कपड्यांचं प्रदर्शन होतं. रुबाबदार कोट-पँटी बघून पोरगं सुधारेल, असा माझा बेत.

शनिवारी आमच्या मिल्टन कीन्स गावातले यच्चयावत राउंडअबाउट पार करत निघालो. ऑक्सफर्डपुढे रस्ता अरुंद, पावणेदोन तास धरा. तिकीट बारा पाउंड, पाच वर्षांखाली फुकट. कॅफेतला स्कोन म्हणजे दगड. दशम्या बरोबर न्या.

पहिल्याच दालनात फ्रॉकच फ्रॉक. लेसचे, चौकड्यांचे, झालरीचे, आणि सगळे मुलग्यांचे! गाइडबाई म्हणाल्या, पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगे फ्रॉकच घालायचे. पहिली विजार चढली की घरात कोण कौतुक! खलाशी सूट पुढच्या दालनात होते, पण तिथवर जातो कोण?

"आबा, लुक! बॉइज फ्रॉक घालते!" ईशान ओरडला. मी कपाळावर हात मारला.

आबांनी गाइडबाईंना विचारलं, मग चित्रातला मुलगा ओळखायचा कसा? त्या म्हणाल्या, भांग बघायचा. मुलींचा मधोमध, मुलग्यांचा बाजूला.

परतताना बिस्टर गावाजवळ आबा एकदम म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून आईनं मला पाच वर्षं परकर-पोलक्यात ठेवलं होतं. फोटो आहे पेटीत."

गाडी चालवणाऱ्या नवऱ्यानं एक एक्झिट चुकवली.

"अहो आबा, मग या पोरावर एवढा राग कशाला?" मी म्हटलं.

"माझा भांग मधोमध होता गं," आबा कळवळून म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी खिशातला कंगवा काढून ईशानचा भांग डावीकडे पाडला, दोनदा तपासला आणि त्याचं बोट धरून रेडवेच्या लाल पायवाटेवर फिरायला निघाले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "व्हॉट अ लव्हली गर्ल!" आबांनी ईशानचं डोकं पुढे केलं. "मॅडम, प्लीज चेक द पार्टिंग."

आबा पुण्याला परतले त्याला दोन महिने झाले. ईशानला आता फ्रॉक आठवतही नाही. पण काल व्हिडिओ कॉलवर आबांच्या मागे, हॉलच्या भिंतीवर, तो परकरातला फोटो दिसला. नवी फ्रेम, आणि काचेवर स्केचपेननं ओढलेला डावा भांग.