अश्विनीच्या दाराचं कुलूप

चेन्नईत मांबलमपासून तांबरमपर्यंत विखुरलेल्या मराठी मंडळींनो, तमिळ येत नाही म्हणून घरात कोंडल्यासारखं होतं, ही आपली या ग्रुपवरची रोजची तक्रार. आज मी खरोखर कोंडलेली बाई पाहिली.

अश्विनी आपल्यातलीच, मंदारची बायको. दिवसभर इथे विनोद टाकणारी, प्रत्येकाला पहिलं उत्तर देणारी. "तुला कामधंदा नाही का गं?" म्हणून आपण तिला चिडवतो.

पुण्याहून आलेला गोडा मसाला तिला द्यायला दुपारी वेस्ट मांबलमला गेले. बाहेरच्या लोखंडी जाळीला कुलूप होतं. परत फिरणार, तेवढ्यात आतून हाक आली.

"ताई, थांबा! पुडी गजांतून द्या."

"अगं, दार उघड की!"

"किल्ली मंदारकडे. तो इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात. मला इथली भाषा येत नाही ना, म्हणून काळजीने कुलूप लावून जातो." ती हसत होती.

"आणि घरात आग लागली तर?"

तिचं हसू मावळलं. "ग्रुपवर लिहा, ताई. माझं तो ऐकत नाही. तुम्हा सगळ्यांचं वाचतो."

म्हणून लिहिते आहे. भाषा दाराबाहेर पडून येते, भाजीवालीशी हुज्जत घालून येते. बाहेरून लावलेल्या कुलपाला काळजी म्हणायला मी तयार नाही.

मंदार, वाचतो आहेस ना? संध्याकाळी तुझी कंपनीची बस येईल तेव्हा मी तुमच्या जिन्यात बसलेली असेन. माझ्यासमोर दुसरी किल्ली अश्विनीच्या हातात दे.